ओळखीचा रकाना

शिवमची नोकरी त्या दिवशी पाच रंगीत रेघांवर टांगलेली होती. लाल, निळी, हिरवी, पिवळी अन् जांभळी. रेघा चांगल्या होत्या, त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. कोणती रेघ कोणाची, हे सांगणारा एक बारका चौकोन आलेखाच्या कोपऱ्यात असतो, त्यानं घात केला. त्या चौकोनाला इंग्रजीत लेजेंड म्हणतात. लेजेंड म्हणजे दंतकथा असाही अर्थ होतो, हे शिवमला नंतर समजलं. आधी समजलं असतं तर तो सावध राहिला असता.

मंगरूळपीरला शेतकऱ्यांची एक कंपनी आहे. कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं काचेची इमारत येते. इथं दोन खोल्या, एक कपाट, अन् खाली गफ्फारभाईचं फ्लेक्स छापायचं दुकान. शिवम तिथं सहा महिन्यांसाठी चिकटला होता. काम असं, की इंझोरीच्या पाच शेतकऱ्यांनी पाच पद्धतींनी सोयाबीन पेरलं, दर आठवड्याला झाडाची उंची मोजली, त्या आकड्यांचा आलेख काढायचा. आलेख काढायला शिवम वापरायचा आर. आर ही कॉम्प्युटरची एक भाषा. ती तो मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून, अर्धा समजून अन् अर्धा तसाच टाइप करून शिकला होता.

कंपनीचे अध्यक्ष मारोतराव. त्यांना हे नाव काही केल्या पचलं नाही.

"आर? नुसतं आर? बाकीची अक्षरं कुठी गेली?"

"तेवढंच नाव आहे जी."

"म्हंजे आर नाही तर पार, असंच ना? बरं, तुले ते येते तर माह्या मोबाईलचा आवाज काहून फाटून राह्यला, ते पाह्य."

शिवमनं मोबाईल घेतला, स्पीकरमध्ये गेलेला तंबाखूचा चुरा टाचणीनं काढला, अन् परत दिला. अख्ख्या पावसाळ्यात अध्यक्षांना त्याचं पटलेलं काम हेच एक. डेटा ॲनालिस्ट म्हणून आलेल्या माणसाच्या मनाला हे लागतं. पण बोलता येत नव्हतं. मुदत संपत आली होती. शिवारफेरीच्या दिवशी इंझोरीला कार्यक्रम, तिथंच संचालक मंडळी ठरवणार होती की हा पोट्टा पुढच्या सालाला ठेवायचा का नाही. ठेवला नाही तर बापानं पुण्याला मामाच्या साळ्याच्या गोदामात बोलणं करून ठेवलं होतं. खोकी उचलायची, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. चिठ्ठ्याच चिकटवायच्या तर इथं रेघांना चिकटवतो, असं शिवमचं म्हणणं होतं.

पहिल्या आलेखात त्यानं कोपऱ्यातली नावं हातानं टाइप केली. जशी आठवली तशी. आता आर म्हणजे चोख पण मुकी बाई. ती आपल्या यादीतल्या प्लॉट क्रमांकानं रेघा लावते, अन् तुम्ही नावं कोणत्याही क्रमानं द्या, पहिल्या रेघेला पहिलं नाव, दुसरीला दुसरं. विचारत नाही. तर झालं असं, की सगळ्यांत उंच रेघ देवलाच्या नावावर गेली. देवलानं तो कागद तीन दिवस गावात फिरवला. खरी उंच रेघ भागवतच्या शेताची होती. भागवत काही बोलला नाही. त्याची बायको प्रयागबाई मात्र बसनं थेट ऑफिसात आली.

"काय गा लेका, माह्यं सोयाबीन त्या देवलाच्या वावरात कसं गेलं? चालत गेलं का?"

तेव्हापासून मंजुषा मॅडमनी दंडक घातला. मॅडम कोल्हापूरकडच्या, कंपनीच्या व्यवस्थापक. शिस्तीच्या.

"शिवम, हातानं एक अक्षर टाइप करायचं नाही. जगदेवनी मोबाईलवर सगळी माहिती भरून ठेवलीय ना? नावं तिथूनच उचल. साठवलेलं आहे तेच दाखव."

बरोबर होतं. शिवमनं व्हिडिओ शोधला, लिहिला कोड, नावाचा रकाना उचलला अन् लेबलाला जोडला. आलेख आला. कोपऱ्यात पाहतो तर मारोतराव, मारोतराव, भागवत, भागवत, देवला. गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच, म्हणून वावरावावरात जाऊन उंची मोजणाऱ्या जगदेवनं आडनाव लिहायचे कष्टच घेतले नव्हते. अध्यक्ष मारोतराव कोणते अन् नाल्याकडचे लहान मारोतराव कोणते, हे आरला काय समजणार.

"त्याची सोय केलीय मी," मॅडम म्हणाल्या. "नाव सारखं आलं तर गोंधळ नको, म्हणून फॉर्ममध्ये एक वेगळा रकाना टाकलाय. 'ओळख'. तो वापर."

मॅडमच्या मनात ओळख म्हणजे वडिलांचं नाव. पण त्यांनी रकान्यावर 'ओळख' लिहिलं अन् फोनवर जगदेवला सांगितलं, "प्रत्येकाची ओळख भरा." बस्स. एवढ्याच शब्दांवर पुढचं सगळं उभं आहे.

शिवमनं तो रकाना उघडला. ऑफिसचा कॉम्प्युटर आजोबांच्या वयाचा. त्यावर आर मराठी वाचत नसे. प्रत्येक अक्षराच्या जागी कंस, अधिकचं चिन्ह अन् चार आकडे. एक्सेलमध्ये उघडलं तर डोक्यावर टोप्या घातलेल्या इंग्रजी अक्षरांची वरात निघाली. आलेखात तर नुसते चौकोनी डबे. आधीच्या आलेखाची नावं त्यानं दुसऱ्याच्या लॅपटॉपवर काढली होती, तो लॅपटॉप आता त्याच्या मालकासोबत अकोल्याला गेला होता. व्हिडिओतला माणूस मात्र ठामपणे म्हणाला, डबे दिसले तर घाबरू नका, फक्त फाँट नाही, माहिती शाबूत आहे.

तरी शिवम बेजबाबदार नव्हता. त्यानं डबे मोजले. पहिल्या ओळखीत तीन पुंजके. म्हणजे नाव, वडील, आडनाव. बरोबर. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यात दोन-दोन. नाव अन् आडनाव. चालते. देवलाच्या पुढं मात्र पाच पुंजके होते. शिवमनं जरा विचार केला अन् म्हटलं, असेल बावा, खानदान मोठं असेल.

शंका नको म्हणून जगदेवला फोन लावला.

"जगदेवभाऊ, ओळखीचा रकाना बरोबर भरला ना?"

"एकदम."

"फ्लेक्सवर जाऊन राह्यलं म्हून विचारलं."

"अबे जाऊ दे ना. एक शबूद खोटा निघाला तर माह्यं नाव बदल."

एवढी खात्री वडिलांच्या नावाबद्दल जगात कोणी देत नाही, हे तेव्हाच ध्यानात यायला पाहिजे होतं.

मग फाइल खाली गफ्फारभाईकडं. गफ्फारभाईच्या मशीनमध्ये मराठीचे चाळीस फाँट. लग्न, वाढदिवस, उद्घाटन, सगळ्यांची अक्षरं वेगळी.

"भाई, एकदा वाचून घ्या ना छापायच्या आधी."

गफ्फारभाईनं कानाला हात लावले. "ना ना शिवमभाई. मजकूर हम पढ़तेच नहीं. एक बार एका लग्नाच्या फ्लेक्समध्ये नवरीचं नाव गलत वाटलं, मी दुरुस्त केलं. बरोबर निघालं ते पहलेवालाच. मांडवात माझ्या मागं किती लोक लागले, मालूम? तेव्हापासून जो आया, वो छपा."

"बरं मंग उघडून दाखवा, मी वाचतो."

"अरे गीला है! शाई ओली आहे. उघडलं तर तुमच्या शेतकऱ्याची रेघ त्याच्या तोंडावर फैलेल. गुंडाळून ठेवा, वहाँ जाके खोलो."

आठ फुटांची ती गुंडाळी घेऊन शिवम इंझोरीच्या बसमध्ये चढला. कंडक्टर म्हणे, "पाइप हाये का?"

"नाही जी. आलेख आहे."

"कोन आलेख?"

"आलेख... म्हणजे रेघा."

"बरं, आलेखले उभा ठेव. म्हाताऱ्या मानसाच्या डोळ्यात जाईन."

तर आलेख उभा, शिवम उभा, अन् एक बाई दोघांना टेकून इंझोरीपर्यंत झोपली.

लहान मारोतरावच्या वावराला लागून मांडव टाकला होता. शंभरेक माणूस. पार रिसोडकडून रिठदची मंडळी दोन जीपा भरून आली होती, इथलं सोयाबीन पाहायला. दुपारचा एक वाजला. गुंडाळी दोरीनं वर चढवली, अन् अध्यक्षांनी दुसरी दोरी ओढली की ती खाली सुटणार, असा बेत. मॅडमनी प्रस्तावना केली, "हा आलेख आपल्या शेतकऱ्यांची खरी ओळख करून देईल." टाळ्या. मारोतरावांनी दोरी ओढली.

फ्लेक्स सुटला. छपाई अशी सुरेख की गफ्फारभाईचे हात धरावे. वर ठळक अक्षरात 'आमचे प्रगतशील शेतकरी : सोयाबीनची वाढ'. मधे पाच रंगीत रेघा. अन् उजव्या कोपऱ्यात चौकोन. आरनं चौकोनाचं शीर्षक रकान्यावरूनच उचललं होतं. 'ओळख'. त्याखाली, मांडवाच्या शेवटच्या रांगेतून दिसेल एवढ्या अक्षरात:

लाल रेघ: चहा पाजत नाही.

निळी रेघ: कुत्रं चावते.

हिरवी रेघ: बायकोले विचारा.

पिवळी रेघ: दुपारी झोपते.

जांभळी रेघ: बोलाले लागला की दोन तास.

मागच्या रांगांतली माणसं नीट वाचायला उठून उभी राहिली. शिवमच्या डोळ्यापुढं तीन पुंजके नाचले. नाव, वडील, आडनाव. चहा, पाजत, नाही.

रिठदच्या जीपमधून आलेल्या केशरबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी बोट नाचवत सावकाश, मोठ्यानं वाचलं. ज्यांना दूरचं दिसत नव्हतं, त्यांचीही सोय झाली.

"हे कोनं लेहलं?" मारोतरावांचा आवाज.

जगदेव पाण्याच्या ड्रममागं होता, पण ड्रम बारीक अन् जगदेव रुंद. त्याला पुढं ओढलं. तो बिचारा उलट चिडला. "मले काहून ओढता? मॅडमनं सांगतलं ओळख लेहा. मी लेहली. दर आठवड्याले मीच जातो ना वावरात उंची मोजाले? मी याईले असाच ओळखतो!"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी शिवमकडं पाहिलं. शिवमनं मॅडमकडं पाहिलं. मारोतरावांनी दोघांकडं पाहिलं. गोदामातली खोकी शिवमला आता अगदी स्पष्ट दिसत होती.

"शिवम! हे तू लावलं इथी?"

"हो जी," शिवम म्हणाला. "मी... माफी..."

"थांब! मी बोलतो!" देवला उठला. "हे जे दोन तास लेहलं, हे साफ खोटं हाये. मी कमी बोलनारा मानूस. माह्या बापानंच मले शिकवलं का देवला, मोजकं बोलाव. आता मोजकं म्हंजे काय, तर पाह्य, बाहत्तरच्या दुष्काळात..."

लोकांनी घड्याळाकडं पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, "झाले बे सुरू दोन तास." पहिलं हसू तिथं फुटलं. देवलाला दोघांनी हाताला धरून खाली बसवलं.

लहान मारोतराव शांत होता. "माह्यं बरोबर हाये. चावतेच ते. म्या तर म्हनतो फाटकावर लावा हे."

'दुपारी झोपते' या दुसऱ्या भागवतनं काही हरकत घेतली नाही. तो मांडवाच्या खांबाला टेकून झोपला होता. त्याच्या बायकोनं, ललिताबाईनं, हलवून पाहिलं अन् सोडून दिलं.

आता कार्यक्रमपत्रिकेत पुढं होतं, सर्वांत उंच रेघेच्या शेतकऱ्यानं अनुभव सांगायचा. हसू थांबवायला अन् विषय बदलायला मॅडमनी घाईघाईनं माईक हिरव्या रेघेच्या भागवतच्या हातात दिला. "भागवतराव, तुमची वाढ सगळ्यांत जास्त. काय केलंत, सांगा."

भागवतनं माईक घेतला. लोकांकडं पाहिलं. फ्लेक्सकडं पाहिलं.

"मले काय विचारता? बोर्डावर लेहलं हाये ना."

मांडव असा हसला की एक खांब हालला अन् झोपलेला भागवत जागा झाला. "झालं का जेवन?" असं त्यानं विचारल्यावर आणखी एकदा हसला.

प्रयागबाई तोवर उठल्या होत्या. पदर खोचला, नवऱ्याच्या हातातला माईक घेतला.

"विचारा. काय विचाराचं हाये ते विचारा. सात वरसं झाले, हापिसातून कागद येते तर भागवतच्या नावानं, फोटो काढते तर भागवतचा. पह्यल्यांदा कोनं तरी खरं लेहलं." अन् त्यांनी सांगायला सुरुवात केली. बी किती खोल टोकलं, दोन बोटांच्या खाली का जाऊ दिलं नाही, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून चार ओळींमागं एक मोकळी कशी सोडली, पानं कुरतडली तेव्हा कडुनिंबाचा अर्क कधी मारला. रिठदच्या बाया जवळ सरकल्या. कोणी प्रश्न विचारला, प्रयागबाईनं उत्तर दिलं. मॅडम लिहून घ्यायला लागल्या. इतक्या शिवारफेऱ्या झाल्या, पण लोक प्रश्न विचारताहेत असं शिवमनं पहिल्यांदा पाहिलं. तो अजून उभाच होता. बस म्हणायला कोणी मोकळं नव्हतं.

प्रयागबाईचं झाल्यावर केशरबाईनं हळूच पिन मारली. "समदं समजलं बावा. फक्त लाल रेघेचं समजलं नाही. आमी सकाळपासून आलो, अध्यक्षसाहेब, खरं का खोटं कसं पाहाव?"

लाल रेघ कोणाची, हे एव्हाना अख्ख्या मांडवाला समजलं होतं. शंभर माना मारोतरावांकडं वळल्या. खरी गोष्ट अशी, की कार्यक्रमात चहा नव्हताच. "उन्हाचा चहा कायले, पाणी ठेवा," असं त्यांनीच बैठकीत ठरवलं होतं, अन् ते सगळ्या संचालकांना ठाऊक होतं. मारोतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रेघेसारख्या.

"रुपाबाई!" त्यांनी मागं बायकोला हाक मारली. "घरचं समदं दूध आन! साखरेचा डबा आन! मोठं पातेलं आन! पाह्यतोच मी!"

अर्ध्या तासात बांधावर चूल पेटली. अध्यक्षांनी स्वतः ट्रे घेतला. एकाही माणसाला सोडलं नाही. ज्यानं घेतला त्याला दुसरा दिला. देवलाला तिसरा दिला, तेवढा वेळ तरी तो गप बसेल म्हणून. कंडक्टर परतीच्या बसची घंटी वाजवत होता, त्यालाही नेऊन पाजला. मग घाम पुसत शिवमसमोर आले.

"पाजला का नाही?"

"पाजला जी."

"मंग खोड ते."

विषय आता शिवमच्या धंद्याचा होता, अन् धंद्याचं बोलताना माणूस जरा सरळ उभा राहतो. "फ्लेक्सवर खोडलं तर डाग दिसन जी. पण ही नावं मी हातानं लेहलीच नाही. ती साठवलेल्या माहितीतून आपोआप येते. तिथं एक खाना बदलला की पुढच्या आलेखावर लाल रेघेचं लेबल आपोआप बदलते."

"म्हंजे तिथी 'चहा पाजते' लेहलं का इथी 'पाजते' येईन?"

"येईन जी."

"अन् उद्या म्या पाजनं बंद केलं तर?"

"मंग परत बदलाव लागन."

मारोतराव इतर संचालकांकडं वळून म्हणाले, "हे पाह्य, हे बदलाले कोनी तरी लागन का नाही? पोट्टा राहू द्या सालभर. गावाची ओळख अशी कोऱ्या मानसाच्या हातात देऊन नाही चालत. याले आता समदं ठाव झालं, हा बाहेर गेला तर आनखी वाईट."

संचालकांनी हात वर केले. लहान मारोतरावानं दोन्ही वर केले.

शिवमला सकाळपासून पहिल्यांदा भूक लागली. त्याला वाटलं सांगून टाकावं, मी ते वाचलंच नव्हतं, मला नुसते डबे दिसत होते. मॅडमच्या जवळ जाऊन पुटपुटलाही. मॅडम म्हणाल्या, "गप बस. चहा पी."

शिवम चहा घेऊन बांधावर टेकला. फुर्र करून एक घोट घेतला तेवढ्यात रिठदचे एक काका आले, इकडंतिकडं पाहून खाली बसले. "भाऊ, आमच्या गावचाबी आलेख काढशीन का?"

"काढू ना काका. तुमची ओळख काय लिहू?"

"माह्यी राहू दे. माह्या शेजाऱ्याची सांगतो, लेह."

त्यांचं होत नाही तोवर मागं आणखी चार जण उभे. स्वतःची ओळख सांगायला एकही आला नव्हता. शिवमनं मोबाईल काढला, नवा रकाना उघडला, अन् लिहायला लागला. सगळ्यांत मागं केशरबाई होत्या. नंबर आल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला, शिवमच्या कानाशी वाकल्या अन् म्हणाल्या, "माह्या जावेचं लेहशीन तर जागा जास्त ठेव. एका वळीत नाही मावत ते."